जीपखालची गाठ

आज सकाळी धाकटे दीर आमची जीप न्यायला आले. केळीची कापणी सुरू आहे, मजुरांना शेतात न्यायचं होतं.

गेल्या वर्षी असीरगडच्या उतारावर याच जीपचे ब्रेक लागले नाहीत आणि हे गेले. सगळे नशीब म्हणाले, मीही मानलं. जीप तेव्हापासून गोठ्यात उभी होती.

गाडीचं सगळं काम हे घरीच करायचे. पुस्तकं वाचून मीही थोडं शिकले आहे. म्हणून चावी देण्याआधी जीपखाली शिरले. मागच्या चाकाचा ब्रेकचा पाइप दुमडून केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाने बांधला होता. घडाच्या वजनाने झाड पडू नये म्हणून हे मारायचे, तीच गाठ. गळती थांबवायला मारली असणार. ती सैल झाली आणि ऑइल वाहून गेलं.

दीर म्हणाले, "वहिनी, दादाच्या हातचं आहे, रहने दो ना. मी कसून बांधतो, आजचा दिवस निघेल."

"त्यांनाही तेवढाच दिवस काढायचा होता," मी म्हटलं आणि चावी कमरेला खोचली.

तुमच्याही घरी कुणी हुशार माणूस गाडी स्वतःच दुरुस्त करत असेल. तुम्ही कधी खाली वाकून बघितलंय?