करून दाखवायचं इंग्रजी

माझ्या साडूंना इंग्रजी शिकवायला बसलेला माणूस शेवटी एकतर संत होतो, नाहीतर माणसात राहत नाही. मी संत झालो नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरात सगळे त्यांना दाजी म्हणत, म्हणून मीही दाजीच म्हणायचो. ही गोष्ट सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांची. दाजी तेव्हा पलटणीत हवालदार होते आणि मी इस्लामपुरात एका हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर होतो. दाजींना आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत शिरताना वाकावं लागे, आणि त्यांनी स्वयंपाकघरात हळूच सांगितलेली गोष्ट कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत सगळ्यांना कळे. वर्षाकाठी दोन महिन्यांची सुट्टी घेऊन ते उंब्रजजवळच्या आपल्या गावी येत. इतर जवान सुट्टीत बायकामुलांत बसतात, उसाला पाणी पाजतात, जत्रेला जातात. त्या वर्षी दाजी मात्र ट्रंक उचलून माझ्याकडे आले.

त्याला कारण होतं, आणि कारण खोटं नव्हतं. नायब सुभेदार व्हायचं तर इंग्रजीचा पेपर सुटायला हवा होता. आधी तो सुटला नव्हता आणि आता वय संपत आलं होतं, म्हणजे ही शेवटची संधी. पेपर सुटला तर खांद्यावर तारा, आणखी काही वर्षं नोकरी, आणि लोकांच्या तोंडी 'सुभेदारसाहेब'. नाही सुटला तर हवालदार म्हणूनच पेन्शनीत यायचं. त्यांचे आजोबा हवालदार म्हणून घरी आले होते, वडीलही हवालदार म्हणूनच आले. गावात त्या घराला हवालदाराचं घर म्हणायचे. "मास्तर," दाजी मला म्हणायचे, "बाबांचं डोळं मिटायच्या आत त्या घराला सुभेदाराचं घर म्हनलं पायजे. मग मला तोफंच्या तोंडी द्या." तोफेच्या तोंडी मात्र मीच होतो.

चूक इतकीच झाली, की धाकट्या मेहुणीच्या लग्नात, पंगतीत त्यांच्या शेजारी बसून मी जरा बढाई मारली. पोटात बुंदी गेली की मास्तर लोकांना असं होतं. मी म्हटलं, "दाजी, इंग्रजीचा एवढा बाऊ कशाला करता? 'गेट' असा एक शब्द आहे. त्याला अप, डाउन, इन, आउट अशी शेपटं जोडत जायची. अर्धं इंग्रजी तिथंच आटोपतं." दाजींचा घास हातातच राहिला. "एकाच शब्दात?" "एकाच." "मग ह्ये आदी का न्हाई सांगितलं कुनी?" लग्नाची हळद निघायच्या आत ते गुळाची ढेप, शेंगांचं पोतं आणि ट्रंक घेऊन आमच्या दारात उभे होते. बायको गुळाकडे बघून विरघळली. "आवं, शिकवा की दाजींना. तुमचं काय जातंय त्यात?" माझं काय काय गेलं, ते मी पुढं सांगणारच आहे.

दाजींचं म्हणणं असं, की पलटणीत कुठलीही गोष्ट तोंडानं शिकवत नाहीत. बंदूक उघडायची, जोडायची, पुन्हा उघडायची. हाताला कळलं की डोक्याला आपोआप कळतं. इंग्रजीही तसंच शिकायचं. त्यामुळे मी फळ्यावर लिहिलेल्या शब्दाकडे ते ढुंकून बघत नसत. "त्ये ऱ्हाऊ द्या. करून दावा." पहिल्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी माझ्या उशाशी आरोळी झाली, "मास्तर! गेट अप!" मी दचकून उठून बसलो. "बराबर हाय का?" बरोबर आहे म्हणून मी पुन्हा आडवा झालो. "आता गेट डाउन!" मी डोळे मिटूनच म्हटलं, आडवं होण्याला तसं म्हणत नाहीत. "मग कशाला म्हंत्यात?" कट्ट्यावरून, झाडावरून उतरण्याला म्हणतात, हे सांगून मी कूस बदलली. थोड्या वेळानं मागच्या अंगणात शेवग्याची फांदी मोडल्याचा आवाज आला आणि बायकोनं माझ्याकडेच रागानं बघितलं.

'गेट इन' आणि 'गेट आउट' आम्ही आमच्याच दारात केलं. दाजींच्या हुकमानुसार मी मोठ्यांदा ओरडायचं आणि त्यांनी ताडताड आत किंवा बाहेर जायचं. हळू ओरडलेलं त्यांना चालत नसे. शेजारी एका हळदीच्या व्यापाऱ्याचं घर होतं. त्या घरातल्या काकू दाण्याचं कूट मागायला आल्या, त्या अंगणातच थबकल्या. मी घसा फोडून "गेट आउट!" म्हणतोय आणि माझा धिप्पाड साडू मान खाली घालून निमूट बाहेर पडतोय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दुपारी त्यांनी माझ्या बायकोला गाठलं. "अगं, पावनं गुळाची ढेप घेऊन आलं आणि तुझं मालक त्यांला हाकलतंय व्हय? एवढं इंग्रजी आमाला बी कळतंय की." त्यानंतर महिनाभर त्या बाई माझ्याकडे बघून पदर सावरून दुसऱ्या बाजूनं जायच्या. दाजींना हे सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, बघा, करून दावलं की शेजाऱ्यांनाबी येतंय.

पण ह्या सगळ्यावर कळस चढला तो एसटी स्टँडवर. मधल्या सुट्टीत मी त्यांना पोस्टाकडे घेऊन चाललो होतो. वाटेत त्यांनी 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ' विचारलं. गाडीत चढणं आणि उतरणं, मी सांगितलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत दाजी सांगलीच्या गाडीत चढले, उतरले, पुन्हा चढले. कंडक्टर पानाची पिंक टाकून बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "ओ पावनं, तुमास्नी जायाचंय कुठं?"

"कुठंच न्हाई."

"मग चढताय कशाला?"

"उतराय!" दाजी म्हणाले. "चढल्याबिगार उतरनार कसं?"

गाडीतली माणसं हसायला लागली तसा मी त्यांना खाली ओढायला वर चढलो. कंडक्टरचा संयम तेवढ्यात संपला. त्यानं घंटी मारली आणि गाडी आम्हा दोघांना घेऊन निघाली. दोन तिकिटं काढून, आष्ट्याच्या स्टँडवर भर दुपारी मी उतरलो तेव्हा माझा नववीचा तास बुडाला होता. दाजी माझ्यामागून झोकात उतरले. "गेट ऑफ पक्कं झालं, मास्तर! आता माघारी जायाला काय म्हंत्यात?" मी कपाळावर हात मारून सांगितलं, 'गेट बॅक'. परतीच्या गाडीत त्यांनी ते पूर्ण वाटभर घोकलं. मला भजी घेऊन दिली होती, ती खायचीसुद्धा इच्छा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावून घेतलं आणि आष्ट्याला काय काम होतं असं विचारलं. खरं सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता, म्हणून पोटात दुखत होतं असं सांगितलं.

हात-पाय हलवून दाखवता येतील तेवढे अर्थ संपले आणि खरी लढाई जुंपली. 'गेट ओव्हर' म्हटल्यावर ते परसातली भिंत ओलांडून पलीकडे गेले. मी इकडून ओरडून सांगितलं, की आजारातून, दुःखातून सावरणं असाही त्याचा अर्थ आहे. मग भिंतीवरून त्यांचं डोकं वर आलं. "म्हंजे आदी दुख्ख आनाय पायजे." 'गेट अलाँग' म्हणजे पटणं, एकमेकांशी जमणं, हे कळल्यावर त्यांनी थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, "शालन, तुझं नि मास्तरांचं गेट अलाँग हाय का न्हाई?" बायको भाकरी थापतच म्हणाली, "चाललंय आपलं, दाजी. तुमी गेल्यावर आनि बरं चालंल." आणि 'गेट अवे विथ' म्हणजे करून सवरून निसटणं, हे ऐकून तर ते माझ्यावरच उखडले. "एका म्हशीला दोन दोन शेपट्या? मास्तर, तुमी मनानं रचून सांगताय." हे मी रचलेलं नाही, इंग्रजांनीच रचलंय, असं मी शपथेवर सांगितलं. "म्हनूनच गेलं त्ये," दाजी म्हणाले.

मी चिडायचो, ओरडायचो, एकदा तर खडूचा डबा आपटला. पण हा माणूस कधी रागावला नाही. मी आपटलेले खडू त्यांनी एकेक करून गोळा केले आणि म्हणाले, "पुन्यांदा सांगा." सुट्टी संपली, ते पलटणीत परत गेले, तेव्हा दाराशी उभं राहून त्यांनी सगळे अर्थ उठून, बसून, वळून, वाकून न चुकता म्हणून दाखवले. मला मनातून वाटलं, हा माणूस पास होणार. मी त्या दिवशी दुपारी गाढ झोपलो.

काही महिन्यांनी दाजी आले ते आधी घरी न जाता आमच्याकडे आले. आरोळी नाही, काही नाही. दारात उभे राहून म्हणाले, "मास्तर, न्हाई निघालो."

बायकोनं पाणी दिलं. ते ट्रंकेवर बसले आणि सांगायला लागले. परीक्षेला लांब खोली, बाकं, पुढं कागद. पहिलाच प्रश्न 'गेट'चा, वाक्यं लिहा. "मला सगळं येत व्हतं, मास्तर. पर बसल्या जागी आठवंना. उठाय गेलो तर साहेब म्हनला, बसा. जरा हात हालवला तर म्हनला, शेजाऱ्याला खुना करताय का. मग मी गप बसलो. कागदावर चढायचं कसं नि उतरायचं कसं?"

मला त्यांचा जेवढा राग सुट्टीभर आला नव्हता तेवढा त्या क्षणी आला. त्यांचा नव्हे, त्या खोलीचा आला. एवढं सगळं येत असलेल्या माणसाला हलू नको म्हणायचं, आणि मग म्हणायचं ह्याला काही येत नाही. मी तसं बोललोही. दाजी म्हणाले, "त्ये जाऊ द्या. बाबास्नी अजून सांगितलं न्हाई. तुमी संगं चला."

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर पेन्शनर मंडळी बसली होती. त्या पाराला दोन पायऱ्या. असा काही लेखी नियम नव्हता, पण सुभेदार होऊन घरी आलेले वर बसत आणि त्याखालच्या हुद्द्याचे खाली. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं. दाजींचे वडील खालच्या पायरीवर, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. किती वर्षं ते तिथं बसत आले होते कोण जाणे. दाजी त्यांच्यासमोर जाऊन टाचा जुळवून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाबा, पेपर न्हाई सुटला. हवालदारच घरी येनार."

वर कुणीतरी तंबाखू मळत होतं, त्याचा हात थांबला. म्हाताऱ्यानं मुलाकडं बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार. ते जरा बाजूला सरकले, फेट्याच्या शेवानं शेजारचा दगड झाडला आणि म्हणाले, "उनात हुबा का? बस हितं."

दाजी बसले. मग म्हातारा खाली बघतच म्हणाला, "मीबी बसलो व्हतो त्या परीक्षेला. न्हाई निघालो. घरात कुनाला बोललो न्हाई."

"कवा?" दाजींनी विचारलं.

"तू रांगत व्हतास तवा."

दाजींनी वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हाताऱ्यानं तो काढला नाही. वरच्या पायरीवरचे एक सुभेदार मला म्हणाले, "आवं मास्तर, तुमी वर या, जागा हाय." इथंच बरं वाटतंय, असं म्हणून मी दाजींच्या पलीकडे टेकलो. गुरं घरी परतत होती, गुऱ्हाळाचा गोड वास येत होता. आता दाजी मान वळवतील, ह्याला इंग्रजीत काय म्हणतात असं विचारतील, म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांनी काहीच विचारलं नाही, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.