अंकाईहून आलेली पाहुणी

ओझरच्या विमान कारखान्यात गोरक्ष बोरस्ते यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली. हत्यार जागच्या जागी आणि शब्दही जागच्या जागी, असा त्यांचा खाक्या. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आतली आसने काढून दोन बाकडी, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. या घरगाडीतून महाराष्ट्रातले किल्ले आणि लेणी पत्नीला दाखवायची, एवढाच ध्यास उरला होता. चतुराबाईंचे गुडघे वर्षागणिक निकामी होत चालले होते. आता नाही तर कधीच नाही, हे दोघांनाही कळत होते.

"जन्मभर विमानं जोडली, पण मला बसवलं नाय एकातबी," पुढच्या आसनावर बसताना चतुराबाई म्हणाल्या. "चला, टेम्पो तर टेम्पो."

चांदवडचा रंगमहाल पाहून त्यांनी अंकाई किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्काम केला. वस्तीपासून दूर, एका पडक्या घराच्या जोत्याशेजारी सपाट जागा मिळाली. सकाळी चतुराबाईंनी गाडीच्या दाराशी सडा घातला, रांगोळी काढली आणि घरच्या सवयीने दाराकडे येणारी लक्ष्मीची पावलेही उमटवली. जागा अपुरी पडली, म्हणून पावलांची सुरुवात त्यांनी थेट त्या जोत्यापासून केली.

येवला ओलांडताना गाडी मागच्या डाव्या अंगाला झुकते आहे, हे गोरक्षरावांच्या ध्यानात आले. त्यांनी उतरून चाकांतली हवा पाहिली, स्प्रिंगचे पाटे चाचपले. सारे ठीक होते. डाव्या बाकड्यावरची गादी मात्र मधोमध दबलेली होती. त्यांनी ती थोपटून सारखी केली. वैजापूर येईतो ती पुन्हा दबली होती.

वैजापूरच्या टायरच्या दुकानात नवनाथ नावाचा कारागीर चाकाशी वाकला आणि मान वर करून म्हणाला, "काका, आतल्या बाईंना जरा खाली घ्या. जॅक लावायचाय."

चतुराबाई नवऱ्याशेजारीच चहाचा पेला धरून उभ्या होत्या.

"आत कोणी नाही," गोरक्षराव म्हणाले.

नवनाथने खिडकीकडे पाहिले, मग या दोघांकडे. जॅक त्याने परत दुकानात नेऊन ठेवला. "दुसरीकडं दाखवा, काका."

"मला सकाळपासून ठाऊक हाय," चतुराबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मागून तेल लावलेल्या केसांचा वास येतोय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हवा तपासत होते ना."

गोरक्षराव मागच्या दाराकडे वळले. "इथेच दार उघडून ठेवू. उतरेल. दुपारपर्यंत देवगिरी गाठायची आहे."

"पावलं काढून मीच बोलावली तिला. बोलावलेली बाई परक्या गावात रस्त्यावर सोडायची? मी नाय यायची पुढं."

बोलताना त्यांचे हात गुडघे चोळत होते. मागे वळावे तर आजचा दिवस जाणार, आणि हे गुडघे उद्या प्रवास सोसतील याचा भरवसा नव्हता. देवगिरी कायमची राहून जाईल, हे उमगूनही गोरक्षरावांनी बाजारातून खण, नारळ आणि गहू आणले, आणि गाडी वळवली.

अंकाईला पोहोचले तेव्हा उन्हे कलली होती. सकाळची रांगोळी जशीच्या तशी होती. पावले मात्र कुठेच नव्हती. चतुराबाईंनी जोत्यावर ओटीचे सामान मांडले. गोरक्षरावांनी मागचे दार उघडले आणि वडीलधाऱ्या बाईशी बोलावे तशा अदबीने म्हणाले, "बाई, तुमचं घर आलं. सावकाश उतरा."

वारा पडलेला होता. लोखंडी पायरी करकरत खाली दबली, वर आली, आणि गाडी सरळ झाली.

गोरक्षरावांनी विचारले, "उद्या देवगिरी जमेल?"

"जमवते. रांगत येईन, पण येईन," चतुराबाई म्हणाल्या आणि हात जोडून जोत्यापासून मागे सरल्या.

गोरक्षरावांनी दार ओढून घेतले. ते पुरते लागायच्या आत पायरी पुन्हा दबली. या खेपेला अगदी हलकी, आईच्या मागे राहिलेल्या लेकराने घाईघाईत उतरावे तशी.