खडूचा खोकला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही—नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आज तुम्हाला सांगते.

आळेफाट्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते, आणि चांगलं शिकवते—उगाच विनय कशाला? क्षयाचा धडा म्हणजे तर माझा हातखंडा. शरीराची पहारेकरी पेशी जंतूला गिळते. आता ती त्याच्यावर पाचक रस सोडणार, की संपला! पण हा बेटा तो रस आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. पहारेकऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड करतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो. औषध अर्धवट सोडलं तर उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात—हे वाक्य मी फळ्यावर दोनदा अधोरेखित करते.

मला हे इतकं पक्कं कसं ठाऊक? कारण लग्नाआधी मला क्षय झाला होता. लग्न ठरलं आणि उपचाराच्या चौथ्याच महिन्यात मी गोळ्या बंद केल्या—सासरी कुणी माझी पिशवी उघडली असती तर? दोन वर्षांनी खोकला परतला. घरात सांगितलं, खडूची ॲलर्जी आहे. शिकवणाऱ्या बाईला कोण विचारणार? शेवटी मंचरला गुपचूप तपासून उपचार घेतले, या खेपेला पुरते. पण त्याआधीचे तीन महिने? कोंदट स्वयंपाकघरात धाकटी जाऊ सुनंदा भाकरी थापायची, आणि मी तिच्या शेजारी बसून खोकत खोकत त्या भाजायचे.

पुढच्या वर्षी सुनंदाला क्षय निघाला.

"माह्यारनं आणलाय रोग," सासूबाई म्हणाल्या. सुनंदाला माहेरी धाडलं, तिची दोन वर्षांची मुलगी इथेच ठेवून घेतली. माझ्यामुळे झाला का? खात्रीने नाही सांगता येत. पण "मलाही झाला होता, घरात राहूनच बरी झाले"—एवढं मला बोलता येत होतं. नाही बोलले. सहा महिने. भित्री होते मी. मुलगी माझ्या कुशीत झोपू लागली, मला मम्मी म्हणू लागली—आणि मला ते आवडलं.

सुनंदा बरी होऊन आली तेव्हा पोर तिच्याकडे जाईना, माझ्यामागे लपली. सुनंदा रडली नाही. सगळ्यांदेखत माझ्या पाया पडली. म्हणाली, "ताई, तुमी व्हत्या म्हणून लेकरू सांभाळलं गेलं."

मी तिला आशीर्वाद दिला.