फुगडीतला फोटो

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई लहानपणापासून म्हणते. खोटं नाही. कानबाई देवीच्या सणासाठी देवपूरहून जळगावला घरी आले, तर पिशवी टेकवली न टेकवली तोच कॅमेरा घेऊन बाहेर. पुण्याच्या एका प्रदर्शनाला रस्त्यावरचा एक फोटो पाठवायचा होता, सोमवारी संध्याकाळपर्यंत. महिनोन्‌महिने वणवण केली होती आणि हाती धड एकही नव्हता.

रस्त्यावरचा फोटो म्हणजे काय, असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. न सांगता, न मांडता घडतं ते पकडायचं, बस्स. पण आपल्याकडे पकडू देतात कुठे? कॅमेरा दिसला की अख्खा रस्ता सावध होतो. बसस्टँडजवळ एक आबा केळं खात होते, अगदी तंद्रीत. मी कॅमेरा उचलला, तर थांब म्हणाले, टोपी घालू दे. टोपी घातली, छाती पुढे काढली, केळं पाठीमागे लपवलं. झालं, आधार कार्डाचा फोटो तयार. टमाट्याच्या गाडीवाल्याला वाटलं, मी अतिक्रमणवाल्यांची. त्याने गाडीच पळवली. मी जाम वैतागून घरी आले आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर करत राहिले.

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली. काकूच्या डोक्यावर कानबाई, पुढे वाजंत्री, आणि गल्लीतल्या बायका फुगड्या घालत होत्या. मी आपली गर्दीत पुढे-मागे नुसती येरझाऱ्या घालत होते.

वहिनी दारातच उभी होती. दादा जाऊन दोन वर्षं झाली. पूर्वी फुगडीत तिच्यासमोर कुणाची टाप नव्हती टिकायची. आता तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण चल असंही कुणी म्हणत नव्हतं. तेवढ्यात समोरच्या घरातली म्हातारी अक्का आली, तिचे दोन्ही हात धरले आणि तिला रस्त्यावर ओढलं.

दोघी फिरल्या. वहिनीचा पदर घसरला, केस सुटले, मान मागे गेली आणि ती हसली, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. मी एकदाच बटण दाबलं. पुढच्याच क्षणी तिला भान आलं, तिने पदर सावरला आणि ती घरात गेली.

हाच तो फोटो, मला कळलं होतं. आणि हेही कळलं होतं की वहिनीला विचारल्याशिवाय तो पाठवता येणार नाही. भावकीत, गल्लीत, पहूरला तिच्या माहेरी, कुठे ना कुठे पोचणारच. नवरा गेलेली बाई भर रस्त्यात कशी खिदळते बघा, असं बोलायला लोकांना काय लागतं?

तलावावरून परतल्यावर आम्ही रोट खायला बसलो. कानबाईचा हा प्रसाद घरच्यांनीच खायचा, भावकीबाहेर त्यातला तुकडाही द्यायचा नाही. पाव्हणा कितीही जवळचा असो, त्याला वेगळं जेवण. संध्याकाळ जवळ येत होती. वहिनीला थेट विचारायचा धीर होईना, शेवटी कॅमेरा आईसमोर धरला आणि प्रदर्शनाचं सांगून टाकलं.

आईने हात पुसले. कॅमेरा हातात घेऊन फोटो पाहिला. तिचे डोळे भरले. म्हणाली, ही अशी हसते हे मी विसरूनच गेले होते. मला वाटलं, जमलं. पण तिने कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

"हाऊ फोटो म्हंजे रोट शे. घरमाच ऱ्हाऊ दे."

रोटाचं नाव घेतल्यावर आमच्या घरात वाद संपतो. आई सुनेला जपत होती हे कळत होतं, तरी मला संताप आला. मी उठले, बसले, पुन्हा उठले.

वहिनी वाढता वाढता थांबली. माझ्या हातातून कॅमेरा घेऊन तिने स्वतःचा फोटो पाहिला. आता पुसून टाका म्हणणार, अशी मी मनाची तयारी केली. तिने कॅमेरा खाली ठेवला आणि आईकडे बघितलं.

"आई, मी रोट नाही."

आवाज चढवला नव्हता. आईने ताट बाजूला सारलं. मग माझ्याकडे वळून, सुनेवरचा सगळा राग माझ्यावर काढत म्हणाली, "मंग थांबनी कसाले? धाडी दे."

मी धाडला. वहिनीने आईच्या ताटात अजून एक रोट वाढला, आणि आईने तो मुकाट्याने खाल्ला.