‘पेक्षा मोठं’ चिन्हाचा तास

नंदुरबारच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी प्रोग्रामिंग शिकवते. किस्से रोजच घडतात. पण खोलीवर गेलं की ऐकायला कोणी नसतं, म्हणून ते साठत जातात. त्यातले निम्मे तरी या एका चिन्हाचे : >, म्हणजे ‘पेक्षा मोठं’!

*

नवापूरच्या कल्पेशचं पोल्ट्रीचं शेड आहे. शेड फार तापलं की फोनवर मेसेज यावा, म्हणून त्याने स्क्रिप्टमध्ये लिहिलं, तापमान > 35. पण त्या भाषेत तिथे > म्हणजे ‘फाइलमध्ये टाक’! ‘35’ नावाची फाइल तयार झाली, अट कायम खरी ठरली आणि भर थंडीतही मेसेज सुरू!

मी त्याला > काढून त्या भाषेतलं ‘पेक्षा मोठं’, म्हणजे -gt, लिहायला लावलं. नंतर भेटला तर चेहरा उतरलेला.

“काय रे, चालत नाही का?”

“चालस ना मॅडम. पन आते दिनभर फोन वाजतच नही!”

*

सविता नर्मदाकाठच्या पाड्यावरची. घरी पावरी बोलते, इथे हॉस्टेलवर राहते. तिचं चिन्ह नेहमी उलटं पडायचं. मी फळ्यावर मगर काढली. “मगरीचा जबडा कायम मोठ्याकडे उघडतो. लक्षात राहील?”

ती हळूच म्हणाली, “मॅडम, मगर मोठ्याला नाही धरत. एकट्याला धरते.”

चिन्ह मात्र तिचं परत कधी चुकलं नाही.

*

आप्पा म्हणजे गणिताचे रिटायर मास्तर. बायको गेली, मुलगा सुरतेला. दुपार जात नाही म्हणून क्लास लावलेला. एकदा त्यांच्या प्रोग्रामने नऊ दहापेक्षा मोठा ठरवला!

“मॅडम, आख्खी जिंदगी गणित शिकाडं मी. हाई काय शे?”

“आप्पा, तुम्ही आकडे अक्षरं म्हणून दिलेत. मग तो फक्त पहिलं अक्षर बघतो. नऊ दहातल्या एकापेक्षा मोठा.”

“म्हंजे पुढे कोन उभा शे तेच देखस,” आप्पा म्हणाले. “मांगे कोन शे ते इचारतच नही!”

*

याच आप्पांनी मग स्वतःच्या डोक्याने एक प्रोग्राम लिहिला. तो विचारायचा, ‘घरी किती जण?’ उत्तर > 1 असेल तर ‘घरी थांब’, नाहीतर ‘क्लासला जा’. रोज एक टाकायचे, रोज यायचे.

गेल्या महिन्यात मुलगा त्यांना कायमचं सुरतेला घेऊन गेला. परवा त्यांचा मेसेज आला, सोबत प्रोग्रामचा फोटो.

“मॅडम, आठे सुरतले चार जन शेतस. प्रोग्राम ‘घरी थांब’ सांगस. चुकी कोठे शे?”

मी ओळ न् ओळ तपासली. लिहिलं, “आप्पा, चूक कुठेच नाही.”

लगेच उत्तर आलं, “बराबर देखा. चुकी व्हई कोठेतरी.”