समोरच्या बाकावरचा सोल्जर
महायुद्धानंतर मी जर्मनीत होतो, तेव्हा एर्लांगेनहून न्युरेम्बर्गला जाताना तो अमेरिकन सोल्जर रोज गाडीत माझ्यासमोर बसायचा. वहीत मरणावरचे विनोद लिहायचा आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये शेजारच्या बायकांना ऐकवायचा. युद्धात नवरे गमावलेल्या त्या बायका डोळे पुसत हसायच्या. माझे विनोदी लेख दिवाळी अंकांकडून साभार परत यायचे. मी जळायचो.

घरून वडील गेल्याची तार आली. तीन आठवड्यांनी त्यांचं आधीच बोटीने निघालेलं पत्र मिळालं: ‘मी ठणठणीत आहे.’ मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, “तू लिहिणार नसशील, तर मला दे.”

“मीच लिहिणार,” मी घाईने म्हणालो.

आता तो अमेरिकेतला गाजलेला विनोदी लेखक आहे. त्याचं नवं पुस्तक आलं की मी त्यात आधी ते पत्र शोधतो. अजून सापडलं नाही. मीही लिहिलेलं नाही.