बादलीभर शिळं पाणी

मला शिळं पाणी खपत नाही. सकाळी उठलं की कालचं ओतायचं आणि ताजं भरायचं, हे अंगात भिनलेलं. त्या शनिवारी बायको वन-नॉर्थ भागातल्या तिच्या प्रयोगशाळेत गेली आणि मी तिला न विचारता तिच्या माशाचं पाणी बदललं.

मासा इथल्याच जंगलातल्या ओढ्यांतला, बेट्टा जातीचा. प्रयोगशाळेत दुरुस्ती निघाली म्हणून आठवडाभर आमच्या फ्लॅटवर मुक्कामाला होता. यांच्यात मादी अंडी घालते, नर ती तोंडात घेतो आणि पिल्लं होईपर्यंत उपाशी राहतो. वर्षभर खटपट केल्यावर बायकोला पहिल्यांदाच अशी अंडी मिळाली होती, आणि ती याच माशाच्या तोंडात होती. कुजक्या पानांनी चहासारखं झालेलं ते ओढ्याचं पाणी मला मात्र नुसतं घाण दिसलं. दोन बादल्या उपसल्या, एक ओतली, दुसरी आईला ओतायला सांगितली आणि काचेच्या टाकीत नळाचं पाणी भरलं.

मासा वर आला. कल्ले भराभर हलायला लागले. मी बायकोला फोन लावला.

"सरळ नळाचं? अरे, त्यात जंतू मारायचं औषध असतं! जाळी घालू नकोस, घाबरला तर अंडी गिळून टाकेल. जुनं पाणी आहे ना?"

"ओतलं."

फोन ठेवून मी आईला हाक मारली.

आई दोन महिन्यांसाठी लातूरहून इकडे परदेशात आली होती. टँकरची वाट बघण्यात तिचा जन्म गेलेला. ती पाणी साठवायची आणि मी खेकसायचो, "इथे डास झाले तर दंड होतो, आई!" आता ती वॉशिंग मशीनमागून बादली ओढत आली.

"कढीपत्त्याला ठेवलं होतं. हेच का?"

मला स्वतःची लाज वाटली.

पातेलं टाकीत तिरकं बुडवून मी मासा आत यायची वाट बघत राहिलो. पातेलं हलू नये म्हणून आईने माझं मनगट धरलं. शेवटी तो आला. बादलीत सोडला तेव्हा गळा फुगलेला दिसला, पण आत किती अंडी उरली हे कळायला मार्ग नव्हता.

पाच दिवस बायको माझ्याशी कामापुरतं बोलली. सहाव्या दिवशी माशाने तोंड उघडलं आणि तांदळाच्या कणीएवढी पिल्लं एकेक करून बाहेर पडली. बायको रडली. मीही.

"बघत काय बसलात?" आई म्हणाली. "आधी बापाला खायला घाला."

वॉशिंग मशीनमागे बादली पुन्हा भरलेली होती. मी तिच्यावर घट्ट झाकण ठेवलं.